पटावर ४८, पानावर ४७

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यात महिना गेला, आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही सुचतही नव्हतं. आजचा विषय मात्र असा आहे की तो वाचून माझ्या जावा-नणंदा एकमेकींना फोन करतील, "हिला काय झालं गं?" विषय आहे जावास्क्रिप्ट. त्यातही ऑब्जेक्टचा अ‍ॅरे करणं आणि अ‍ॅरेचा ऑब्जेक्ट करणं. ब्लॉगवरच्या ज्या मित्रमंडळींचा पोटापाण्याचा उद्योगच हा आहे, त्यांनी माझ्या चुका काढाव्यात. घरच्यांना कंटाळा आला तर त्यांनी मधलं सोडून शेवटाकडे जावं, तिथे तुमच्या ओळखीची एक मुलगी भेटेल.

मी बी.ए. झाले ती मराठी माध्यमातून, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. कॉम्प्युटरशी माझा संबंध तसा उशिराचा, निवृत्तीनंतरचा. पण गेल्या वर्षी माझ्या जुन्या मुलांनी (मुलं म्हणजे आता पंचावन्नची आहेत, काहींना नातवंडं झाली) ठरवलं की आपल्या वर्गाचं एक पान इंटरनेटवर करायचं. नववी अ, १९८४-८५. वर्गशिक्षिका मी. कोण कुठे आहे, काय करतं, फोन नंबर काय, असं सगळं एका जागी. दहावीच्या बॅचचं पान करण्याची पद्धत आहे, पण मी म्हटलं नववीचंच करा. दहावीच्या यादीत फक्त परीक्षेला बसलेली असतात. मध्येच गळलेली नववीत सापडतात.

यादी माझ्याकडे होती. दरवर्षी जूनमध्ये हजेरीपट तयार झाला की तो टाचणवहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्यायची मला सवय. आधी मुलं, मग मुली, आद्याक्षरांप्रमाणे. पटावर ४८. पान करून देण्याचं काम माझ्या नातीनं अंगावर घेतलं. ती पुण्यात याच नोकरीत आहे, रविवारी येते. ती येणार, मी वहीतून वाचणार, ती टाइप करणार, मध्येच मला समजावून सांगणार, असे आमचे पाच-सहा रविवार छान गेले.

आता अ‍ॅरे आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. अ‍ॅरे म्हणजे प्रार्थनेची रांग. पहिला, दुसरा, तिसरा. जागा महत्त्वाची. (फक्त पहिल्याला हे लोक शून्य म्हणतात. शून्य क्रमांकाचं पोर माझ्या वर्गात तरी कधी नव्हतं.) ऑब्जेक्ट म्हणजे मिसळणाचा डबा. मोहरीची वाटी, जिऱ्याची वाटी, हळदीची वाटी. फोडणी घालताना कुणी "तिसरी वाटी दे" म्हणत नाही, "हळद दे" म्हणतं. वाटीच्या नावाला त्यांच्यात 'की' म्हणतात. आपल्या "चहा की कॉफी" मधली की नव्हे, कुलपाची. म्हणून मी किल्ली म्हणते.

रांगेतून डबा करता येतो आणि डब्यातून रांग. डबा मोडून त्याच्या जोड्यांची रांग करण्याची सोय, ऑब्जेक्ट.एन्ट्रीज, भाषेत २०१७ साली आली. उलट दिशेची, जोड्यांची रांग घेऊन डबा करून देणारी ऑब्जेक्ट.फ्रॉमएन्ट्रीज, २०१९ साली. त्याआधी हेच काम लोक हातानं, एकेक वाटी भरत करायचे. नात म्हणाली, "आजी, आता एका ओळीत इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. गेलं ते तसंच्या तसं परत येतं." माझा या शेवटच्या वाक्यावर आक्षेप आहे, आणि तो नोंदवण्यासाठीच हा सगळा पसारा मांडला आहे.

घडलं असं. मी दिलेली यादी ही रांग होती. प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे माहिती, अशा ४८ जोड्या. पण पानावर नाव टाकलं की तो माणूस चटकन सापडावा म्हणून नातीनं त्या रांगेचा डबा केला. किल्ली म्हणजे मुलाचं पूर्ण नाव. पान सुरू झालं, ग्रुपवर फुलं आणि हात जोडलेली चित्रं पडली, कुणी कुणी मला फोन करून रडलंसुद्धा. असो.

दोन आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे तीही पंचावन्नचीच. म्हणाली, "बाई, नाव माझं आहे, पण आत दुसरीच आहे."

माझ्या त्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच. चुलत-चुलत बहिणी, एकाच आजीचं नाव दोघींना ठेवलेलं. खेडेगावात हे नवल नाही. वर्गात आम्ही त्यांना वरच्या आळीची आणि खालच्या आळीची म्हणायचो. पटावर एकीचा क्रमांक ३७, दुसरीचा ३८. डब्यात एका नावाच्या दोन वाट्या बसत नाहीत. ३७ नंबरच्या मुलीची वाटी भरली, मग ३८ नंबरची आली, तिचं नाव तेच, म्हणून त्याच वाटीतलं आधीचं ओतून देऊन हिचं भरलं. ना आवाज, ना सूचना. आणि गंमत पाहा (गंमत कसली म्हणा), वाटीची जागा मात्र पहिलीचीच राहते. म्हणजे ३६ नंतर तेच नाव दिसतं, त्यानंतर ३९. यादी वाचणाऱ्याला काही गेल्याचं कळत नाही, कारण नाव तर तिथे आहेच. वरच्या आळीची गेली, तिच्या जागी खालच्या आळीची बसली.

मी स्वतः ती यादी निदान दहा वेळा वाचली होती. पस्तीस वर्षं रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर असे दोन आकडे लिहिणाऱ्या बाईला पानावर ४८ च्या जागी ४७ आहेत हे मोजावंसं वाटलं नाही. नातीनंही मोजलं नाही. तिचा दोष मी काढत नाही, माझाच काढते.

पण भाषेचा काढते. नातीचं म्हणणं असं, की भाषेनं काहीच लपवलेलं नाही, एकच किल्ली दोनदा आली तर शेवटचं राहतं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. किल्ली म्हणून नाव निवडलं ही आपली चूक. शिवाय ही भाषा ब्रेंडन आइक या माणसानं १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली, तेव्हा जे झालं ते झालं. आता नियम बदलले तर तेव्हापासूनची जुनी पानं बंद पडतील, म्हणून जुन्या खोडी कायम ठेवाव्या लागतात. हे मला पटतं. शाळेतही हेडमास्तर बदलले तरी जुन्या दाखल्यांचा नमुना एका रात्रीत रद्द करता येत नाही.

मात्र फ्रॉमएन्ट्रीज १९९५ ची नाही, २०१९ ची आहे. तिच्यावर कुठलंही जुनं पान अवलंबून नव्हतं. नव्यानं कपडा कापत होता, तर तिथे तरी "एकच नाव दोनदा आलं आहे, काय करू?" असं विचारून थांबता आलं असतं. मग नातीनं स्वतःहूनच मला एक गोष्ट सांगितली, ती तिच्या विरुद्ध जाते आणि तरी तिनं सांगितली, याचं मला कौतुक वाटलं. २००९ साली या भाषेत 'स्ट्रिक्ट मोड' नावाची एक कडक शिस्त आली. त्यात डबा हातानं लिहिताना एकच किल्ली दोनदा लिहिली तर ती चूक धरली जाई, पान चालतच नसे. २०१५ च्या आवृत्तीत ते बंधन काढून टाकलं. कारण तेव्हापासून किल्लीचं नाव आयत्या वेळी हिशेबानं ठरवता येऊ लागलं, आणि जे आयत्या वेळी ठरणार ते आधी कसं तपासणार? कारण ऐकायला बरोबर आहे. पण सगळ्यांना पकडता येत नाही म्हणून ज्याला पकडता येतं त्यालाही सोडून द्यायचं, हा न्याय मला शाळेच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये मान्य झाला नसता.

मग आम्ही किल्ली बदलली. शाळेत प्रत्येक मुलाला दाखल होताना जनरल रजिस्टरचा नंबर मिळतो, तोच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतो. एका शाळेत तो दोघांना सारखा नसतो. टाचणवहीत मी तोही लिहून ठेवला होता. नातीनं तो किल्ली म्हणून घातला, आणि ४८ ची ४८ पानावर आली. वरच्या आळीचीसुद्धा.

पण क्रम पार विस्कटला! मुलं-मुली एकत्र, आद्याक्षरांचा पत्ता नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. तर नाही. जावास्क्रिप्टच्या डब्याला किल्ली आकड्यासारखी दिसली की तो आपण भरलेला क्रम बाजूला ठेवतो आणि ते आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावतो. शब्दांच्या किल्ल्या मात्र ज्या क्रमानं घातल्या त्याच क्रमानं राहतात. आधी नावं होती म्हणून रांग टिकली होती. नंबर आले आणि मोडली. यातही पोटनियम आहे: ७ हा आकडा, पण पुढे शून्य लावून ०७ लिहिलंत तर तो शब्द.

ती विस्कटलेली यादी मी थोडा वेळ बघत बसले होते, ते सांगितलंच पाहिजे. रजिस्टरच्या नंबरांचा क्रम म्हणजे ही पोरं शाळेत आली तो क्रम. पाचवीला जून १९८० मध्ये बापाचं बोट धरून आलेली सगळ्यात वर, आणि शेजारच्या वाड्यांवरची, जिथे सातवीपर्यंतच शाळा होती, ती आठवीत आलेली सगळ्यात खाली. आद्याक्षरांच्या यादीत ती वाड्यांवरची पोरं सगळ्यांमध्ये विखुरलेली असतात, कळत नाही. इथे ती एका जागी होती, अकरा. गळलेल्या सहांपैकी चार त्या अकरांतली होती. हे मला चाळीस वर्षांत दिसलं नव्हतं.

असो. क्रम परत लावायचा होता. नातीला पुण्याला परतायची घाई, म्हणून तिनं मला नंबर पुन्हा तपासून टाइप करायला दिले. मी आपली माझ्या मराठी कीबोर्डवर बसून सगळे नंबर पुन्हा लिहिले. पान उघडलं तर सगळं जागच्या जागी! आधी मुलं, मग मुली, ३७ ला वरच्या आळीची, ३८ ला खालच्या आळीची. मी नातीला फोन केला, "दुरुस्त केलं गं मी." तिचा विश्वास बसेना. अर्धा तास ती तिकडे शोधत होती, आणि मग हसत सुटली. मी आकडे देवनागरीत लिहिले होते. जावास्क्रिप्टला देवनागरी ७ हा आकडा वाटतच नाही, तो त्याच्या लेखी 'ळ' किंवा 'क्ष' सारखा एक शब्द. त्याचा आकडा करून दे म्हटलं तर उत्तर येतं 'नॅन', म्हणजे "हा आकडा नव्हे". आर्यभटाच्या देशातल्या बाईनं लिहिलेला आकडा आकडा नव्हे! पण त्या अपमानाचा फायदा असा की त्यानं आमच्या रांगेला हात लावला नाही. :-)

नात म्हणाली, हा योगायोग आहे, यावर पान चालवता येणार नाही. बरोबर आहे तिचं. उद्या कुणी इंग्रजी आकड्यांत एखादा नंबर घालेल आणि तो एकटा सगळ्यांच्या वर जाऊन बसेल. मग तिनं मला 'मॅप' दाखवला. हा २०१५ सालापासून आहे. त्यात आकडे असोत वा शब्द, घातलेला क्रम टिकतो. एक नाव दोनदा आलं तर मात्र त्यातही शेवटचंच राहतं. म्हणजे अर्धं दुखणं गेलं, अर्धं राहिलं.

आणि तिच्या सर्व्हरवर जी दुसरी भाषा आहे, पीएचपी, तिची तऱ्हा आणखी वेगळी. तीही १९९५ चीच, रासमुस लेरडॉर्फची. तिच्यात रांग आणि डबा हे वेगळे नाहीतच, एकाच अ‍ॅरेत दोन्ही मावतं, आणि आकड्यांच्या किल्ल्यांचासुद्धा घातलेला क्रम ती पाळते. म्हणजे सर्व्हरवरून यादी नीट क्रमानं निघते आणि ब्राउझरमध्ये पोचल्यावर मोडते! उलट तिच्याकडून निघताना वेगळाच घोटाळा. रांगेतून मधली काही पोरं गाळली की मागे क्रमांकांत भोकं राहतात, आणि भोकं असलेली रांग पाठवताना ती रांग म्हणून जात नाही, डबा म्हणून जाते. तर रिकामा डबा पाठवला की रिकामी रांग म्हणून पोचतो. घेणाऱ्यानं समजून घ्यायचं. हे ऐकून मी हात टेकले. यात फार शिरत नाही, ज्यांना शिरायचं ते आधीच शिरलेले असतील.

माझं मत एवढंच, की रांगेचा डबा करणं हे "इकडचं तिकडे" नाही. रांगेत दोन सारखी माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकतात, डब्यात नाही. डब्यातून परत रांग केली तर जे डब्यात उरलं तेवढंच परत येणार. ४८ गेले, ४७ आले, याला परत येणं म्हणत नाहीत. आणि मधल्या भोकांचंही तेच. हजेरीपटात पोर गळलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत, ओळ रिकामी राहते. डब्यातल्या नुसत्या किमती काढून रांग केली की सगळी पोरं पुढे सरकून उभी राहतात, आणि कोण नव्हतं हेच पुसलं जातं.

म्हणून मी नातीला म्हटलं, रांग रांगच राहू दे. प्रत्येकाची सगळी माहिती त्याच्याजवळ असू दे, नाव, क्रमांक, रजिस्टरचा नंबर. अशा ४८ लहान लहान डब्यांची एक रांग. चटकन सापडायला हवं तर बाजूला वेगळी सूची कर, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. सूचीत एका नावापुढे दोन पानांचे आकडे असू शकतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि प्रत्येक रूपांतराच्या आधी आणि नंतर पट मोज. आधी किती, नंतर किती. आकडे जुळले नाहीत तर पान सुरूच होऊ देऊ नकोस. ती म्हणाली, "आजी, याला आम्ही टेस्ट म्हणतो, आणि ती मी लिहायला हवी होती." तिनं लिहिली. तिचं मत अजून असंच आहे की भाषा निर्दोष आहे आणि किल्ली निवडणारा दोषी. माझं मत आहे की ज्या कामात माणूस गळू शकतो, ते काम करताना जो गप्प बसतो तोही दोषी. आमचं भांडण चालू आहे.

हे मी इतक्या हट्टानं का म्हणते, ते आता सांगते. वरच्या आळीची ती मुलगी नववीचं वर्ष पूर्ण करू शकली नाही. जानेवारी १९८५ पासून ती शाळेत आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं, पंधरावं वर्ष होतं तिचं, आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पटावर नाव कमी करताना कारण लिहावं लागतं. मी लाल शाईनं रेघ ओढली आणि "सतत गैरहजर" असं लिहिलं. घरी जाऊन तिच्या वडिलांशी बोलले नाही. खालच्या आळीची पुढे दहावी झाली, डी.एड. झाली, आता मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होईल. पानावर त्या नावात तिचीच माहिती होती.

फोनवर मी वरच्या आळीचीला सगळं समजावून सांगायला लागले, डबा, वाटी, किल्ली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे बाई, दोघींचं नाव एक म्हणून मशीननं मला काढलं होय? मला वाटलं तुम्हीच काढलं असेल."

आता पानावर ३७ आणि ३८ दोघी आहेत. नावापुढे कंसात आळी लिहिली आहे, ती तिच्याच सांगण्यावरून. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू, असं मी तिला विचारलं, तो रिकामा ठेवला तरी चालेल असंही म्हटलं. ती म्हणाली, "रिकामा नको. नववी, जानेवारीपर्यंत, असं लिहा." तसं लिहिलं आहे.